बोर्ड: एका फळीचा विस्तार

लेखणी_पाखरू

माझ्याकडून झालेली एक चूक आधी सांगते, कारण हा धागा तिच्यातूनच निघाला आहे. एका जुन्या इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. काळ एकोणिसाव्या शतकाची अखेर, स्थळ लंडन. सुताराचा मुलगा 'बोर्ड स्कूल'मध्ये जातो, असं वाक्य आलं. मी 'निवासी शाळा' लिहून पुढे गेले. चार पानांनंतर तोच मुलगा संध्याकाळी घरी येतो आणि बापाची हत्यारं पुसून ठेवतो. तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. थांबण्याऐवजी त्या प्रसंगाला 'सुटीत घरी आला असताना' अशी जोड दिली. मूळ मजकुरात सुटी कुठेच नव्हती. संपादकांनी समासात एकच ओळ लिहून पान परत पाठवलं: मुलगा रोज घरी कसा येतो?

मग शोधाशोध केली. इंग्लंडमध्ये १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. जिथे शाळा अपुऱ्या होत्या तिथे निवडून आलेलं 'स्कूल बोर्ड' असावं आणि त्याने शाळा काढाव्यात, अशी त्यात तरतूद होती. त्या बोर्डाची शाळा ती 'बोर्ड स्कूल'. 'बोर्डिंग स्कूल' निराळी, तिथे मुलं राहतात, जेवतात. दोन्हींत फरक एवढ्याशा 'इंग'चा, आणि त्याच्यापायी मी सुताराचं पोर उचलून पैसेवाल्यांच्या वसतिगृहात नेऊन ठेवलं होतं.

चूक सापडली, पण खरा प्रश्न तिथून सुरू झाला. कारभार पाहणारी मंडळी आणि रोजचं जेवण, या दोन गोष्टींना एकच शब्द कसा काय?

उत्तर लाकडाच्या फळीत आहे. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी. मध्ययुगातल्या घरांत जेवणाचं टेबल कायमचं मांडलेलं नसे. लाकडी घोड्यांवर, म्हणजे पायांच्या आधारांवर, फळ्या टाकायच्या, जेवण उरकलं की त्या उचलून भिंतीला लावायच्या. त्यामुळे फळी म्हणजेच जेवायची जागा. तिथून शब्द दोन दिशांना गेला. फळीवर जे वाढलं जातं ते 'बोर्ड' झालं, म्हणून 'बोर्ड अँड लॉजिंग' म्हणजे जेवण आणि राहणं. आणि फळीभोवती बसून जी माणसं हिशेब पाहतात, निर्णय घेतात, तीही 'बोर्ड' झाली. पुढे 'टेबल' हा शब्द रुळला आणि त्याने ती वस्तू स्वतःकडे घेतली. बोर्डाकडे उरलं ते टेबलावरचं अन्न आणि टेबलाभोवतीची माणसं. गंमत म्हणजे टेबलाच्या मुळाशी असलेला लॅटिन 'तॅबुला' हाही फळीच आहे.

स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत मात्र हाच शब्द आजही टेबलासाठीच वापरतात. डचमध्ये त्याचा एक अर्थ जेवणाची ताटली असा आहे. फळी आकसत आकसत ताटलीएवढी झाली, ही कल्पना मला फार आवडली.

हा शब्द तुम्हाला ज्या बाजूने भेटला असेल त्या बाजूने लिहा. कथेतल्या आणखी दोन-तीन जागा अजून माझ्या हातून सुटलेल्या नाहीत.

सुकाणू

पाखरूताई, तुमच्या टेबलाइतकीच मोठी शाखा समुद्रावर आहे. मी सत्तावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. आमच्या लेखी बोर्ड म्हणजे जहाजाची कड, तिची बाजू. 'ओव्हरबोर्ड' म्हणजे त्या कडेवरून पाण्यात. जमिनीवर 'गोइंग ओव्हरबोर्ड' म्हणजे एखाद्या गोष्टीचा अतिरेक करणं, पण ज्याने 'मॅन ओव्हरबोर्ड' ही आरोळी प्रत्यक्ष ऐकली आहे त्याच्या तोंडी तो वाक्प्रचार सहज येत नाही.

शिडाच्या जहाजांच्या काळात वादळात डोलकाठी मोडून कडेवरून समुद्रात गेली की ती 'बाय द बोर्ड' गेली म्हणत. आज एखादा बेत बारगळला, एखादी चांगली सवय सुटली की तेच शब्द वापरतात. बहुतेकांना ती डोलकाठी माहीतही नसते.

आता स्टारबोर्ड, म्हणजे जहाजाची उजवी बाजू. यातल्या 'स्टार'चा ताऱ्याशी संबंध नाही, तो 'स्टिअर' आहे, म्हणजे दिशा देणं. उत्तर युरोपातल्या जुन्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नसायचं. उजव्या कडेला एक रुंद वल्हं बांधलेलं असे आणि त्यानेच जहाज वळवत. म्हणून उजवी बाजू ही सुकाणूची बाजू. धक्क्याला लागताना ते वल्हं चिरडू नये म्हणून डावी कड धक्क्याकडे करत, माल तिकडून चढे. त्या डाव्या बाजूला इंग्रजीत 'लारबोर्ड' म्हणत. वारा घोंगावत असताना कुणी ओरडून हुकूम दिला तर स्टारबोर्ड म्हणाला की लारबोर्ड, कसं कळणार? त्यात जीव गेले असते. ब्रिटिश नौदलाने १८४४ साली 'लारबोर्ड' काढून टाकला आणि 'पोर्ट' सक्तीचा केला. अमेरिकी नौदलाने १८४६ साली तेच केलं. जर्मनमध्ये डाव्या बाजूला 'बाकबोर्ड' म्हणतात. उजवीकडचं वल्हं धरून उभ्या असलेल्या माणसाची पाठ त्या बाजूला असायची, म्हणून ती पाठीची बाजू.

रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. विमानांच्या पंखांवरही तोच क्रम आहे.

अजून एक शब्द सांगतो, तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे: 'फ्रीबोर्ड'. पाण्याच्या रेषेपासून डेकपर्यंत जहाजाची जी बाजू पाण्याबाहेर असते तिची उंची. माल जितका जास्त, तितका फ्रीबोर्ड कमी, आणि तितकी लाट आत येण्याची धास्ती जास्त. एकोणिसाव्या शतकात मालक जहाजं ठासून भरत आणि खलाशी बुडत. सॅम्युएल प्लिमसॉल या खासदाराने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला, तेव्हा कुठे १८७६ च्या ब्रिटिश कायद्याने जहाजावर भाररेषा, म्हणजे माल भरल्यावर जहाज कुठवर बुडू द्यायचं ती खूण, रंगवणं सक्तीचं झालं. आजही त्या खुणेला त्यांचं नाव आहे. डेकवर उभं राहून मी ती खूण पाण्याच्या वर आहे ना, हे कितीदा वाकून पाहिलं असेल.

नवशिकी

सुकाणूकाका, अंगावर काटा आला. एक शंका. विमानतळावर 'बोर्डिंग' म्हणतात ते जेवणाच्या शाखेतलं की जहाजाच्या?

सुकाणू

जहाजाच्या. जहाजात चढणं म्हणजे त्याच्या कडेशी येऊन आत जाणं. शत्रूच्या जहाजाला आपलं जहाज भिडवून त्यावर उड्या घेणं यालाही बोर्ड करणंच म्हणत. पुढे आगगाडी आली, विमान आलं, शब्द चढत गेला.

उलटतपासणी

धागा सुंदर आहे, पण एक गोष्ट इथे स्पष्ट व्हायला हवी. फळीचा बोर्ड आणि जहाजाच्या कडेचा बोर्ड हे एकच आहेत असं आपण गृहीत धरतो आहोत. मोठे इंग्रजी व्युत्पत्तिकोश या दोन्हींच्या वेगळ्या नोंदी करतात. दुसऱ्याचा मूळ अर्थ कड, किनार असा आहे. तो फ्रेंचमध्ये गेला, तिथे 'बोर' असा उच्चारला जातो आणि आजही किनारा, कड याच अर्थाने वापरतात. इंग्रजीतला 'बॉर्डर' फ्रेंचकडून आला तो याच घराण्यातला. दूरच्या जर्मानिक भूतकाळात दोन्ही शब्द एक होते का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जहाजाची बाजू फळ्यांचीच असते, त्यामुळे बोलणाऱ्यांच्या मनात दोन्ही मिसळले हे उघड आहे. पण शीर्षकातली 'एका फळीचा विस्तार' ही प्रतिमा मोहक असली तरी पूर्ण खरी नाही.

लेखणी_पाखरू

हे बरं झालं सांगितलंत. म्हणजे दोन ओहोळ एकत्र आले असं म्हणायला हवं. शीर्षक आता बदलत नाही, पण मनातलं चित्र बदललं.

रंधा

मी लाकूडकाम करतो. आमच्या व्यवसायात बोर्ड अजून खरोखरचा बोर्ड आहे, म्हणून लिहितो.

अमेरिकेत लाकूड 'बोर्ड फुटा'वर विकतात. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. म्हणजे १४४ घनइंच, घनफुटाचा बरोबर बारावा भाग. नाव फुटाचं असलं तरी हे माप लांबीचं नाही, घनफळाचं आहे, आणि नवीन माणूस हमखास इथे फसतो. तिकडच्या व्यवहारात साधारण दोन इंचांहून कमी जाडीच्या कापालाच बोर्ड म्हणतात, त्याहून जाड असेल तर नाव बदलतं.

पण मला बोलायचं आहे ते निराळ्याच गोष्टीवर. फायबरबोर्डमध्ये लाकडाचे तंतू दाबून बसवलेले असतात, पार्टिकलबोर्डमध्ये भुसा आणि छिलके. प्लास्टरबोर्डमध्ये दोन कागदांच्या मध्ये जिप्सम असतं, लाकूड मुळीच नसतं. कार्डबोर्ड म्हणजे नुसता जाड कागद. शब्दातून लाकूड हळूहळू निघून गेलं आणि सपाट, ताठ, हाताने उचलता येईल असा तुकडा एवढंच उरलं. सर्फबोर्ड, स्केटबोर्ड, इस्त्रीचा बोर्ड, सगळे त्याच हिशेबाने. फळी घडवताना मी तिचा सपाटपणा डोळ्याला लावून बघतो. इंग्रजीने नेमका तोच गुण उचलला, याचं मला बरं वाटतं.

अर्धवाहक

रंधादादा, लाकूड निघून गेलं म्हणालात, पण आमच्याकडे ते एकदा परत आलं होतं.

इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा प्रत्येकजण 'ब्रेडबोर्ड'वर सर्किट जोडून बघतो. पांढऱ्या प्लॅस्टिकची पट्टी, तिला बारीक भोकं, भोकांत तारा खोचायच्या, डाग द्यायची गरज नाही. तिला पावाचं नाव का? कारण रेडिओच्या सुरुवातीच्या काळात हौशी मंडळी स्वयंपाकघरातला पाव कापायचा लाकडी पाट घेत, त्यात खिळे ठोकत आणि खिळ्यांना तारा गुंडाळून सर्किट उभं करत. तो खराखुरा ब्रेडबोर्ड होता. मी मुलांना हे सांगतो तेव्हा हातातल्या प्लॅस्टिककडे ती वेगळ्याच नजरेने बघतात. शिकवण्यातला तो क्षण मला दरवर्षी हवा असतो.

तिथून सर्किट बोर्ड, मदरबोर्ड, आणि मदरबोर्डमध्ये खोचला जाणारा डॉटरबोर्ड. कीबोर्ड आधी पियानोचा, मग टाइपरायटरचा, मग संगणकाचा. स्विचबोर्ड टेलिफोनचा: व्यापारी तत्त्वावरचं पहिलं टेलिफोन एक्स्चेंज १८७८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात सुरू झालं आणि त्यात जोडण्या करायला असा फलक होता.

डॅशबोर्डची गोष्ट तर ऐकाच. घोडागाडीत पुढे बसणाऱ्याच्या अंगावर घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल येऊ नये म्हणून समोर एक आडवी फळी लावत. 'डॅश' म्हणजे तो उडणारा चिखल. मोटारीत घोडा नाही, चिखल अंगावर येत नाही, पण समोरची जागा तीच, म्हणून नाव टिकलं. तिथे वेगाचे, इंधनाचे काटे बसवले गेले, तेव्हा माहिती दाखवणारी जागा असा नवा अर्थ आला. आता संगणकाच्या पडद्यावर आकडे आणि आलेख दाखवणाऱ्या पानालाही डॅशबोर्ड म्हणतात. चिखल अडवणारी फळी ते आकड्यांचं पान, मध्ये फक्त दीडेकशे वर्षं.

शिकवणी

इंग्रजी शिकवते, म्हणून वापरातल्या अडचणींबद्दल थोडं.

मुलं सर्वांत जास्त चुकतात ती 'द' या एवढ्याशा शब्दाने. 'शी इज ऑन बोर्ड' म्हणजे ती जहाजात, गाडीत, विमानात चढलेली आहे, किंवा तिला आपला बेत मान्य आहे. 'शी इज ऑन द बोर्ड' म्हणजे ती संचालक मंडळाची सदस्य आहे, किंवा तिचं नाव फळ्यावर लिहिलेलं आहे. नुसत्या 'द'ने माणूस जहाजातून उतरून बैठकीत जाऊन बसतो.

दुसरी अडचण क्रियापदाची. 'बोर्ड द ट्रेन' एवढंच पुरे, मध्ये 'इन' किंवा 'इनटू' घालायचं नाही. आपण 'गाडीत चढलो' म्हणतो, ती 'त' इंग्रजीत ओढून आणावीशी वाटते. छोट्या मोटारीला मात्र 'बोर्ड' करत नाहीत. जहाज, विमान, आगगाडी, बस, म्हणजे अनेकांना वाहून नेणारी वाहनं, तिथेच हा शब्द शोभतो.

ब्रिटिश इंग्रजीत 'टेक ऑन बोर्ड' म्हणजे एखादी सूचना नीट समजून घेणं, मनावर घेणं. माल जहाजात घ्यावा तशी सूचना आत घ्यायची. आणि संचालक मंडळाला एकवचनी क्रियापद की अनेकवचनी? अमेरिकेत बहुधा एकवचनी. ब्रिटनमध्ये मंडळातली माणसं डोळ्यांपुढे असतील तर 'द बोर्ड आर' असंही म्हणतात. मी मुलांना दोन्ही शिकवते आणि एका लेखात एकच ठेवायला सांगते.

साक्षीपुरावा

कायद्याच्या बाजूने एक नोंद. इंग्लंडमध्ये पूर्वी विवाहाचे खटले चर्चच्या न्यायालयांत चालत. तिथे 'बेड अँड बोर्ड' पासून विभक्त होण्याचा हुकूम मिळत असे. शब्दशः शय्या आणि भोजनाचं टेबल. लॅटिन संज्ञेत क्रम उलटा, आधी टेबल आणि मग शय्या. नवरा-बायको वेगळे राहू शकत, पण विवाह मोडत नसे, पुन्हा लग्न करता येत नसे. १८५७ च्या विवाहविषयक कायद्याने हे खटले चर्चकडून काढून दिवाणी न्यायालयाकडे दिले आणि त्या जुन्या उपायाला 'न्यायिक विभक्तता' हे नाव आलं. संसार म्हणजे एकत्र झोपणं आणि एका टेबलावर जेवणं, एवढी उघड व्याख्या कायद्याने केली होती. इतक्या वर्षांच्या वकिलीनंतरही मला तिच्यात तथ्य वाटतं.

कारभाराच्या अर्थाचं एक जुनं उदाहरण आपल्या इतिहासाला चिकटलेलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभारावर ब्रिटिश सरकारची देखरेख असावी म्हणून १७८४ च्या पिट यांच्या कायद्याने 'बोर्ड ऑफ कंट्रोल' नेमलं. एका टेबलाभोवती बसलेली थोडी माणसं, आणि त्यांचा अंमल समुद्रापलीकडे.

नवशिकी

आणि 'अबव्ह बोर्ड'? तो जहाजातला ना? डेकच्या वर, उघड्यावर, असं मी धरून चालले होते.

चौकट_राणी

नाही, तो पत्त्यांतला आहे. टेबलाखाली हात नेला की पत्ता बदलल्याचा संशय येतो. हात टेबलाच्या वर, सर्वांना दिसतील असे ठेवले की खेळ स्वच्छ. म्हणून 'अबव्ह बोर्ड' म्हणजे उघड, प्रामाणिक. 'स्वीप द बोर्ड' हाही तिथलाच, टेबलावरचा सगळा डाव एका हाताने ओढून घेणं. आता स्पर्धेतली सगळी बक्षिसं एकानेच नेली की म्हणतात.

'अक्रॉस द बोर्ड' मात्र टेबलावरचा नाही, तो अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतींमधून आला. एकाच घोड्यावर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या, तिन्ही क्रमांकांसाठी सारखा पैसा लावायचा. आज पगारवाढ सर्वांना सरसकट दिली की ती 'अक्रॉस द बोर्ड'. मराठी 'सरसकट' इथे इतका चपखल बसतो की अनुवादकाला दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

'बॅक टू द ड्रॉइंग बोर्ड' याचा जन्म तर सनावळीसह सांगता येतो. १९४१ साली न्यू यॉर्कर साप्ताहिकात पीटर आर्नो यांचं एक व्यंगचित्र आलं. विमान कोसळलं आहे, लोक धावत आहेत, आणि गुंडाळलेला आराखडा काखेत मारून एक गृहस्थ शांतपणे परत निघाले आहेत. त्या चित्राखालच्या ओळीतून हा वाक्प्रचार सर्वतोमुखी झाला.

आणि 'साउंडिंग बोर्ड'. चर्चमध्ये प्रवचनकाराच्या डोक्यावर लाकडी छत असे. आवाज वर विरून न जाता लोकांकडे वळावा म्हणून. आता ज्या माणसाला आपण मनातला कच्चा विचार आधी ऐकवतो, त्याला म्हणतात. माझ्या आयुष्यात अशी एक मैत्रीण आहे. ती उत्तर क्वचितच देते, पण तिला सांगताना माझंच बोलणं मला नीट ऐकू येतं. त्या लाकडी छताचं काम तेच होतं.

पाटीपेन्सिल

सगळं वाचताना मी एक यादी करत होते. इंग्रजीतल्या एका 'बोर्ड'साठी मराठीत आपण काय काय वापरतो? शाळेतला तो फळा. दारावरचा, रस्त्यावरचा तो फलक. परीक्षा घेणारं ते मंडळ. बुद्धिबळाचा तो पट. कार्डबोर्ड तो पुठ्ठा. यादी पूर्ण झाल्यावर लक्षात आलं की यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या ऐवजाची आहे. फळा आणि फलक लाकडाचे. पट म्हणजे कापड, कारण आपल्याकडे सोंगट्या, मोहरी कापडावर मांडून खेळत. आणि मंडळ म्हणजे वर्तुळ! एकाच बैठकीकडे बघताना इंग्रजीला माणसांच्या मधली फळी दिसली आणि आपल्याला माणसांनी धरलेला गोल दिसला. हे लक्षात आलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

पण आपली 'फळी'ही काही कमी फिरलेली नाही. 'दुसऱ्या फळीतले नेते', 'विरोधकांची फळी', फलंदाजांची 'मधली फळी'. इथेही लाकडावरून माणसांकडेच प्रवास झाला, फक्त टेबलाभोवती बसलेली माणसं नाहीत, खांद्याला खांदा लावून ओळीने उभी राहिलेली माणसं.

आणि संस्कृतातला 'फलक' पाहा. कोशात फळी, लिहायची पाटी, सोंगट्यांचा पट आणि ढाल असे सगळे अर्थ दिलेले आहेत. जुन्या इंग्रजी काव्यात 'बोर्ड' हा शब्द ढालीसाठीही येतो, कारण ढाली फळ्यांच्याच असत. दोन भाषा एकमेकींना न विचारता त्याच वाटेने गेल्या.

फारसीतही पाहा. 'तख्ता' म्हणजे फळी, 'तख्त' म्हणजे सिंहासन. मराठीत तख्त राजाकडे राहिलं आणि 'तक्ता' हिशेबाच्या रकान्यांकडे आला. लॅटिन तॅबुलातून इंग्रजीतही रकान्यांचं 'टेबल' झालंच आहे.

उलटतपासणी

पाटीपेन्सिलताई, प्रतिसाद जपून ठेवला. फक्त बैठकीच्या टेबलाबद्दल एक पुरवणी. आपण विधिमंडळात कागदपत्रं 'सभागृहाच्या पटलावर' ठेवतो, तिथे इंग्रजीत 'टेबल' हे क्रियापद आहे. ब्रिटिश वापरात विषय 'टेबल' करणं म्हणजे चर्चेला घेणं. अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांमध्ये एका कागदावरून यामुळेच वाद पेटला होता, दोघांनाही खरं तर एकच गोष्ट हवी होती.

रंधा

वाचून बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, आपल्याकडे भिंतीवरची दिव्यांची बटणं असतात त्यालाही सगळे बोर्डच म्हणतात. खरं आहे. 'बोर्डावरचं दुसरं बटण दाब' हे तर रोजचं वाक्य. स्विचबोर्डातला पहिला अर्धा गळून पडला.

शिकवणी

आणि 'यंदा तिचं बोर्डाचं वर्ष आहे' हेही. मराठीत आलेला बोर्ड आता आपलाच म्हणायला हवा, त्याला सामान्यरूपसुद्धा मराठी लागतं: बोर्डाने, बोर्डात, बोर्डावर. आणि 'बोर्डिंगात राहतो' म्हटलं की त्यातलं जेवण आपोआप आलं.

लेखणी_पाखरू

तुम्हा सर्वांचे आभार मानायचे आहेत, पण आधी माझ्या अडलेल्या जागा पुढे ठेवते.

पहिली, 'बोर्ड स्कूल'. 'मोफत सरकारी शाळा' असं सुचतं आहे. चालेल का?

दुसरी, 'कबर्ड'. कथेत आजी 'कबर्ड'वर चांदीचे पेले ओळीने मांडते. 'कपाटावर' लिहिलं तर ती उंच कपाटाच्या माथ्यावर पेले ठेवते आहे असं वाटतं.

तिसरी जागा सर्वांत अवघड. बाप वारल्यावर आई घरात 'बोर्डर' ठेवते. मी 'भाडेकरू' लिहिलं आहे आणि ते मला टोचतं आहे.

साक्षीपुरावा

'मोफत' नको. १८७० च्या कायद्याने शाळांना शुल्क घ्यायची मुभा होती, आठवड्याला नऊ पेन्सपर्यंत. गरिबांना बोर्ड माफी देऊ शकत असे, पण शाळा सरसकट मोफत नव्हत्या. १८९१ च्या कायद्यानंतर बहुतेक ठिकाणी शुल्क गेलं. कथेतला प्रसंग कुठल्या वर्षीचा आहे ते बघा. 'सरकारी' हाही शब्द जपून वापरा, बोर्ड स्थानिक आणि निवडून आलेलं होतं.

चौकट_राणी

'कबर्ड' म्हणजे मुळात पेल्यांची फळी. पेले, भांडी दिसतील अशी मांडायची उघडी मांडणी किंवा टेबल. दारं नंतर आली, आणि 'कप'मधला 'प' उच्चारातून गेला. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद कपाट हा अर्थ पक्का झालेला होता. आजी जुन्या वळणाची असेल आणि लेखकाने तसं मुद्दाम लिहिलं असेल, तर 'फडताळ' वापरून पाहा. उघडं फडताळ डोळ्यांपुढे येतं.

रंधा

फडताळाला अनुमोदन. किंवा सरळ 'मांडणी'.

सुकाणू

तिसऱ्या जागेबद्दल. जहाजावर जेवणाची वेळ म्हणजे काय हे आम्हाला विचारा. परक्या माणसांशी नातं जुळतं ते खोली शेजारी असल्याने नाही, ताट शेजारी असल्याने जुळतं. 'भाडेकरू'ने तुमची खोली आली, ताट राहिलं. ताट आणा.

पाटीपेन्सिल

काकांचं बरोबर आहे. आणि एकाच शब्दात आणायचा हट्ट सोडा. इंग्रजीने शब्दात कोंबलं आहे ते मराठीत वाक्यात मोकळं होऊ द्या.

लेखणी_पाखरू

आज तिन्ही पानं दुरुस्त करून पाठवली.

प्रसंग १८८० च्या सुमाराचा निघाला, त्यामुळे 'मोफत' काढलं. 'तो बोर्डाच्या शाळेत जायचा. दर सोमवारी आई त्याच्या मुठीत शाळेचे पेन्स ठेवायची.' दुसरं वाक्य मूळ कथेतच होतं, फक्त दोन पानं आधी. माझ्या 'निवासी शाळे'शी ते जुळत नव्हतं म्हणून पहिल्या खर्ड्यात मी ते 'खाऊचे पेन्स' केलं होतं. आता ते जसं होतं तसं परत लिहिलं.

आजीला फडताळ दिलं.

आणि बोर्डरचं वाक्य असं झालं: 'बाबा गेल्यावर आईने वरची खोली एका गृहस्थांना दिली. ते आठवड्याचे पैसे द्यायचे आणि आमच्याच टेबलावर जेवायचे, बाबांच्या जागेवर.'

'बाबांच्या जागेवर' हे मूळ कथेत चार ओळींनंतर येतं. तिथून उचलून इथे आणलं आहे. संपादकांना समासात तसं कळवलं आहे.